जिंकल्यानंतर संघ टिकतो का? सेंट पीटर्सची गोष्ट आणि आपल्यासाठी धडा

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे अर्थकारण ६ जून २०२५ रोजी मुळापासून बदलले. ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला त्या दिवशी न्यायालयाने मान्यता दिली. एनसीएए म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी मुख्य संस्था. या तडजोडीमुळे महाविद्यालयांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. २०२५-२६ या वर्षात एक महाविद्यालय सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना वाटू शकते. शिवाय आधीच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत द्यायची आहे.

खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर हा न्याय उशिरा मिळाला. एकट्या पुरुष बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतून एनसीएएला वर्षाला ८० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळते. या खेळात सर्वांत मोठा वाटा कृष्णवर्णीय तरुणांचा आहे. त्यांच्या घामावर प्रशिक्षक, वाहिन्या आणि विद्यापीठे श्रीमंत झाली, पण खेळाडूला मात्र ‘तू हौशी आहेस’ असे सांगून शिष्यवृत्तीवर भागवले गेले. श्रमाचे मोल मागणाऱ्या कोणत्याही माणसाने या बदलाचे स्वागतच करायला हवे.

पण प्रश्न पुढे आहे. दोन कोटी डॉलर वाटण्याची ऐपत किती महाविद्यालयांकडे आहे? ज्यांच्याकडे ती नाही त्यांचे काय होणार? २०२५ च्या स्पर्धेत शेवटचे सोळा संघ उरले तेव्हा ते सगळे चारच बड्या कॉन्फरन्सचे, म्हणजे महाविद्यालयांच्या श्रीमंत गटांचे होते. उपांत्य फेरीत चारही जागा पहिल्या मानांकनाच्या संघांनी घेतल्या. लहान महाविद्यालयाने मोठ्याला धूळ चारायची, ही या स्पर्धेची ओळख होती. त्या वर्षी ती पुसट झाली.

म्हणूनच सेंट पीटर्स या छोट्या महाविद्यालयाची गोष्ट आज पुन्हा तपासायला हवी. ती फक्त जिंकण्याची गोष्ट नाही. साधने नसलेला समूह कसा उभा राहतो, आणि उभा राहिल्यावर त्याच्याकडून काय काय काढून घेतले जाते, हे दोन्ही तिच्यात दिसते.

मार्च २०२२ मध्ये काय घडले?

सेंट पीटर्स विद्यापीठ न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत आहे. हडसन नदी ओलांडली की समोर न्यूयॉर्क, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. जर्सी सिटी हे स्थलांतरित आणि कष्टकऱ्यांचे शहर आहे. भारतीयांची संख्याही तिथे मोठी असून त्यात मराठी घरेही आहेत. १८७२ मध्ये जेझुइट पंथीयांनी स्थापन केलेल्या या संस्थेत पदवीचे विद्यार्थी जेमतेम दोन-अडीच हजार. हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे मोठे प्रमाण असलेली संस्था म्हणून तिला केंद्र सरकारची मान्यता आहे. १९६५ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी इथे भाषण केले होते आणि महाविद्यालयाने त्यांना मानद पदवी दिली होती.

स्पर्धेचे स्वरूप थोडक्यात असे: ६८ संघ, चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकने आणि एक सामना हरला की घरी. २०२२ मध्ये सेंट पीटर्सला पंधरावे मानांकन मिळाले. समोर दुसऱ्या मानांकनाचे केंटकी विद्यापीठ. केंटकीने आजवर आठ वेळा ही स्पर्धा जिंकली आहे. तिथल्या प्रशिक्षकाला वर्षाला ८० लाख डॉलरहून अधिक मानधन मिळत होते. सेंट पीटर्सचे प्रशिक्षक शाहीन हॉलोवे यांना पावणेतीन लाखांहून कमी. केंटकीचा बास्केटबॉलवरचा वार्षिक खर्च सेंट पीटर्सच्या खर्चाच्या दहापटीहून जास्त होता.

१७ मार्च रोजी सेंट पीटर्सने केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असे हरवले. या स्पर्धेतला त्यांचा हा पहिलाच विजय होता. दोन दिवसांनी सलग २१ सामने जिंकून आलेल्या मरे स्टेटला ७०-६० ने हरवले. २५ मार्चला तिसऱ्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६७-६४ ने. पंधरावे मानांकन असलेला संघ शेवटच्या आठांत पोहोचण्याची ही इतिहासातली पहिली वेळ होती. तिथे मात्र नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना ६९-४९ असे स्पष्ट हरवले.

हे जमले कसे?

माध्यमांनी याला ‘चमत्कार’ म्हटले. शब्द कौतुकाचा वाटतो, पण तो मेहनत झाकतो. चमत्काराला कारण नसते. इथे कारणे होती आणि ती मोजता येतात.

पहिले कारण म्हणजे दिलेला वेळ. हॉलोवे २०१८ मध्ये आले. पहिल्या हंगामात संघ ३२ पैकी २२ सामने हरला. श्रीमंत संस्थेत एवढ्यावर प्रशिक्षकाची गच्छंती झाली असती. इथे तो टिकला. दुसऱ्या वर्षी संघाने १८ सामने जिंकले. २०२२ चे यश चौथ्या वर्षी आले आणि त्यातले अनेक खेळाडू तोवर तीन-चार वर्षे एकत्र खेळलेले होते. एकमेकांच्या हालचाली त्यांना सांगाव्या लागत नव्हत्या.

दुसरे कारण बाकावर बसलेले खेळाडू. बास्केटबॉलमध्ये मैदानात पाच जण असतात. बहुतेक संघ सात-आठ जणांवर भागवतात. हॉलोवे दहा जणांना आलटून पालटून खेळवत. संघातल्या सर्वाधिक गुण करणाऱ्या डॅरिल बँक्सची सरासरी सामन्याला ११ गुणांच्या आसपास होती, म्हणजे कुणी एक तारा नव्हता. केंटकीविरुद्ध बँक्सने २७ गुण केले आणि राखीव बाकावरून आलेल्या डग एडर्टने २०. त्याच सामन्यात केंटकीच्या ऑस्कर शीब्वे या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूने ३० गुण आणि १६ रिबाउंड मिळवले, तरी त्याचा संघ हरला. एका माणसाची उत्तम कामगिरी आणि समूहाची कामगिरी यांतला फरक याहून स्वच्छ दिसणे कठीण.

तिसरे कारण बचाव. अचूक नेम हे बऱ्याच अंशी वर्षानुवर्षांच्या खासगी प्रशिक्षणाचे फळ असते. उंची जन्माने मिळते. बचाव मात्र शिकवता येतो. योग्य वेळी सरकणे, साथीदार चुकला तर त्याची जागा भरणे, प्रतिस्पर्ध्याला सोपा नेम मिळू न देणे, हे शिस्तीचे आणि परस्पर विश्वासाचे काम आहे. पर्ड्यूकडे ७ फूट ४ इंच उंचीचा झॅक ईडी होता आणि त्याच वर्षी व्यावसायिक लीगमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेलेला जेडन आयव्ही होता. सेंट पीटर्सने आयव्हीला ९ गुणांवर रोखले. ईडीला एकट्याने रोखणे कुणालाच शक्य नव्हते, म्हणून दोघे-तिघे मिळून त्याला घेरत. शॉट अडवण्यात तरबेज केसी एनडेफो ६ फूट ७ इंचांचा होता. माली देशातून आलेले हसन आणि फुसेनी ड्रामे हे जुळे भाऊ त्याच्या जोडीला होते. कमी साधनांच्या संघाने आपली ताकद जिथे शिकून वाढवता येते तिथेच लावली.

‘गुणवत्ते’चा जुना खेळ

केंटकीला हरवणाऱ्या दुर्लक्षितांची ही पहिली वेळ नव्हती. १९ मार्च १९६६ रोजी टेक्सास वेस्टर्न या महाविद्यालयाने राष्ट्रीय अंतिम सामन्यात केंटकीला ७२-६५ ने हरवले. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले होते आणि त्या सामन्यात त्यांच्या बाजूने खेळलेले सातही जण कृष्णवर्णीय होते. केंटकीचा संघ संपूर्ण गोरा होता. कृष्णवर्णीय खेळाडू ताकदवान असतात पण डोक्याने खेळू शकत नाहीत, त्यांना सांभाळायला एखादा गोरा खेळाडू लागतोच, असा समज तेव्हा उघडपणे बोलला जाई. तो त्या रात्री मैदानात कोसळला.

त्याच्याही आधीचे नाव जॉन मॅकलेंडन यांचे. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली ते कॅन्सस विद्यापीठात शिकले, पण कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना विद्यापीठाच्या संघातून खेळू दिले गेले नाही. ज्ञान घ्या, मैदानात मात्र येऊ नका, ही अट आपल्याला अनोळखी नाही. मॅकलेंडन प्रशिक्षक झाले. वेगवान चढाईचा खेळ त्यांनी शास्त्रशुद्ध घडवला. १९४४ मध्ये वर्णभेदाचे कायदे लागू असताना, एका रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असताना, त्यांच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या खेळाडूंविरुद्ध बंद दाराआड सामना खेळला आणि ८८-४४ ने जिंकला. पुढे त्यांच्या टेनेसी ए अँड आय संघाने १९५७, १९५८ आणि १९५९ असे सलग तीन वर्षे एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

आपल्याकडे पळवणकर बाळू यांचे उदाहरण आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या चर्मकार समाजातल्या गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते पुढे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले, तेही दीर्घ वादानंतर. ‘गुणवत्ता’ हा शब्द ज्यांच्या ताब्यात असतो ते आधी संधी नाकारतात, मग निकाल दाखवून क्षमता नाकारतात. आणि तरीही कुणी जिंकलाच तर त्याला अपवाद किंवा चमत्कार ठरवतात. म्हणून चमत्कार हा शब्द आपण सहज स्वीकारता कामा नये.

विजयानंतर काय उरले?

नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या पराभवानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच हॉलोवे न्यू जर्सीतल्याच सीटन हॉल विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. ते त्यांचे स्वतःचे महाविद्यालय, जिथे ते एकेकाळी खेळले होते. त्यानंतर खेळाडूंनी वाट धरली. एनडेफो सीटन हॉलला गेला, एडर्ट ब्रायंटला, बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, मॅथ्यू ली मिसुरी स्टेटला, ड्रामे बंधू ला सॅलला. चार वर्षांत बांधलेला संघ काही आठवड्यांत पांगला.

यात त्यांना दोष देणे सोपे आहे, पण चुकीचे. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता महाविद्यालय बदलता येऊ लागले. त्याच वर्षी आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभाही मिळाली. प्रशिक्षकांना हे स्वातंत्र्य पहिल्यापासून होते. ते खेळाडूंना मिळाले यात गैर काहीच नाही. गरीब घरातल्या तरुणाने चांगली संधी घ्यावी, निष्ठेच्या नावाखाली त्याला अडवू नये.

गैर आहे ती रचना. घडवण्याचा खर्च लहान संस्थेने करायचा आणि घडलेला माणूस मोठ्या संस्थेने उचलायचा. लहान संस्थेला त्याबद्दल काहीच मिळत नाही. २०२३ मध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली. आदल्या हंगामात फक्त चार सामने जिंकलेल्या फेअरले डिकिन्सनने सोळाव्या मानांकनावरून पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६३-५८ ने हरवले आणि लगेच त्यांचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन आयोना विद्यापीठाने नेले. त्याच वर्षी फ्लोरिडा अटलांटिकने उपांत्य फेरी गाठली. तिथले प्रशिक्षक डस्टी मे आणि बहुतेक खेळाडू आणखी एक वर्ष एकत्र राहिले. २०२४ मध्ये मे मिशिगनला गेले आणि तो संघही फुटला.

या व्यवस्थेत एक नियम मात्र लक्ष देण्यासारखा आहे. स्पर्धेत एखादा संघ जितके सामने खेळतो, त्यानुसार त्याच्या कॉन्फरन्सला पैसे मिळतात. एका सामन्यामागे सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर. ही रक्कम जिंकणाऱ्या महाविद्यालयाच्या खिशात थेट जात नाही, ती गटातल्या सदस्यांमध्ये वाटली जाते. सेंट पीटर्स जिंकले तेव्हा त्यांच्या गटातल्या इतर लहान महाविद्यालयांनाही लाभ झाला. एकाच्या यशातला वाटा सर्वांकडे जावा, हे इथे कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेले नाही. तो नियम आहे.

नवी तडजोड नेमकी उलट्या दिशेने जाते. थेट पैसे देण्याची ताकद मूठभर संस्थांकडे आहे. भरपाईच्या रकमेचा एक भाग एनसीएए महाविद्यालयांना मिळणाऱ्या वाट्यात कपात करून उभा करत आहे आणि त्याचा भार आपल्यावर जास्त पडतो अशी लहान कॉन्फरन्सची तक्रार आहे. खेळाडूंचा हक्क मान्य करायचा, पण त्याची किंमत बड्यांच्या तिजोरीबरोबर लहानांच्या ताटातूनही वसूल करायची. हक्क आणि समता यांना एकमेकांसमोर उभे करण्याची ही जुनी रीत आहे. आपण दोन्ही मागायला हवेत.

तरीही सेंट पीटर्स संपले नाही. जर्सी सिटीतच वाढलेले बशीर मेसन प्रशिक्षक म्हणून आले. जवळपास नवा संघ उभा करावा लागला. २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश केला. तिथे टेनेसीने त्यांना ८३-४९ असे चिरडले. पण माणसे गेल्यानंतर दोन वर्षांत पुन्हा तिथवर पोहोचणे, हे २०२२ च्या विजयांपेक्षा मला अधिक शिकण्यासारखे वाटते.

आपला संघ

मराठीत ‘संघ’ हा शब्द खेळाच्या मैदानावरही चालतो आणि त्रिशरणातही. योगायोग भाषेचा असला तरी अर्थ जोडलेला आहे. भगवान बुद्धांनी आपल्या पश्चात कुणा व्यक्तीला उत्तराधिकारी नेमले नाही. धम्म आणि विनय हेच यापुढे मार्गदर्शक असतील असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. व्यक्ती जाईल, शिकवण आणि नियम राहतील, अशी ती बांधणी होती. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका सांगितला. ते केवळ भाषणे करून थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय असे टिकणारे काही उभे करत गेले.

आज आपल्या वस्त्यांत काय दिसते? एक धडपड्या कार्यकर्ता विहारात अभ्यासिका सुरू करतो. मुले जमतात, दोघे-चौघे अधिकारी होतात, त्यांचा सत्कार होतो, फ्लेक्स लागतात. मग त्या कार्यकर्त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागते किंवा घरची अडचण येते आणि अभ्यासिकेला कुलूप लागते. कबड्डी, फुटबॉल, धम्मपरीक्षा, विद्यार्थी संघटना, कुठेही पाहा. आपल्याकडे हॉलोवे आहेत, पण त्यांच्यानंतर मेसन येईल याची तयारी नाही.

समाजशास्त्रात सामाजिक भांडवल हा शब्द वापरतात. ओळखी, अनुभव, ‘हे कसे करायचे’ याची माहिती. वरच्या जातींच्या घरांत ते जन्मापासून मिळते. आपल्याला ते मुद्दाम तयार करावे लागते आणि ते एका माणसाच्या डोक्यात राहिले तर त्याच्याबरोबरच निघून जाते. म्हणून तीन गोष्टी मला तातडीच्या वाटतात.

पहिली, प्रत्येक उपक्रमात चालवणाऱ्याच्या हाताखाली किमान दोघे तयार व्हावेत. वर्ग कसा घ्यायचा, हिशेब कसा ठेवायचा, मैदानासाठी महापालिकेत अर्ज कुठे करायचा, हे सगळे लिहून ठेवलेले असावे.

दुसरी, बाकावरच्यांची मोजणी. आपण यशाचा हिशेब किती जण निवडले गेले यावर करतो. परीक्षेत न निवडल्या गेलेल्या पन्नास मुलामुलींचे पुढे काय झाले याची नोंद कुणाकडे नसते. दहा जणांना खेळवणारा संघ जिंकला, हे लक्षात ठेवू. यात मुलींना फक्त प्रेक्षक किंवा स्वागतगीतापुरते ठेवणारी मंडळे निम्मा संघ बाकावर बसवून सामना खेळत आहेत.

तिसरी, ‘पे बॅक टू सोसायटी’. हे आपण जयंतीच्या व्यासपीठावरून भावनिक आवाहन म्हणून मांडतो. कुणी देतो, कुणी विसरतो, मग विसरणाऱ्याला दूषणे देतो. त्यापेक्षा नियम करू. ज्या अभ्यासिकेतून कुणी नोकरीला लागले त्याने ठरावीक वर्षे, ठरावीक वाटा द्यायचा. तो त्याच अभ्यासिकेपुरता न ठेवता परिसरातल्या दुबळ्या अभ्यासिकांनाही वाटायचा, आणि हिशेब दर वर्षी भिंतीवर लावायचा. जाणाऱ्याला अडवायचे नाही, शुभेच्छा देऊन पाठवायचे, पण घडवणारी जागा रिकामी होऊ द्यायची नाही.

हे सारे करताना सरकारवरची जबाबदारी सुटत नाही. वसतिगृहे, वेळेवर शिष्यवृत्ती, वस्तीजवळ मैदान आणि पगारी प्रशिक्षक हा हक्क आहे, त्यासाठीचा संघर्ष चालूच राहील. मोठ्या संस्थांकडे पैसा आहे आणि तो वाढत जाणार आहे. आपल्याकडे वेळ देणारी माणसे आहेत. त्यांनी दिलेला वेळ त्यांच्यानंतरही कामी येईल अशी व्यवस्था या वर्षावासानंतर तरी प्रत्येक विहाराने करावी. तुमच्या विहारातला उपक्रम आज एकाच माणसावर उभा असेल, तर येत्या रविवारी बैठक बोलवा आणि दुसरे नाव ठरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!